दोन नंबरच्या काउंटरवरचा आवाज

दुकानात त्या दोघींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणायचे. नात्यानं त्या एकमेकींच्या कोणीच नव्हत्या. थोरली एक नंबरच्या काउंटरवर, धाकटी दोन नंबरच्या. दोघींची नावं सारखीच असल्यामुळे मॅनेजरनं एकीला हाक मारली की दोघी उठून यायच्या, म्हणून त्यानंच ही सोय लावून दिली आणि तीच चिकटली. पुढे पुढे तर गिऱ्हाइकंही विचारायची, "आज धाकटी दिसत नाही?"

बाजारपेठेच्या कोपऱ्यावरचं ते मोठं दुकान. साबणापासून पाना-पेचकसापर्यंत सगळं एका छताखाली. थोरली लग्नाआधीपासून तिथं होती. त्या काळात प्रत्येक वस्तूवर किमतीचं इवलंसं लेबल असायचं. मागच्या खोलीत दोन माणसं दिवसभर खटाखट लेबलं मारत बसायची, आणि काउंटरवरच्या बाईनं ते लेबल वाचून आकडे मशीनवर मारायचे. थोरलीचा हात असा बसला होता की डोळा लेबलावर, बोटं बटणांवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी गप्पा मारण्यात.

मग एके वर्षी तिला लेबलाच्या मधोमध एक डाग दिसायला लागला. आधी वाटलं, शाई पसरली असेल. मग दुसऱ्या लेबलावरही तो डाग. मग वर्तमानपत्रावर, भिंतीवरच्या घड्याळावर, समोर बसून चहा पिणाऱ्या नवऱ्याच्या नाकावर.

ती एकटीच डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यांत बघितलं आणि खुर्ची मागे घेतली.

"डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील. चालाल, फिराल, घरातली कामं कराल. पण वाचणं आणि माणसांचे चेहरे, हे हळूहळू जाईल."

"चष्म्यानं?"

"चष्म्याचा उपयोग नाही हो. घरी कुणाला असं झालं होतं का?"

झालं होतं. थोरलीच्या आईला. तिचे डोळे गेले तेव्हा घरच्यांनी तिला अगदी मायेनं खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. तू काही करू नकोस, आम्ही आहोत ना, असं म्हणत आधी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, मग काडेपेटी, मग शिवणकाम. आई बसली ती बसलीच. दोन वर्षांत ती घरात असून नसल्यासारखी झाली. कुणी वाईट वागलं नव्हतं, आणि थोरलीला त्याचीच जास्त भीती वाटायची.

म्हणून तिनं घरी सांगितलं नाही. नवरा मालाची गाडी चालवायचा, स्वभावानं मोकळा, थट्टेखोर. त्याला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तिचा राजीनामा दिला असता आणि संध्याकाळी तिच्यासाठी मऊ गादीची खुर्ची आणली असती. लेक तेव्हा शाळेत होती. तिलाही थोरली काही बोलली नाही.

काउंटरवर मात्र लपेना. सात आणि एक सारखेच दिसायला लागले, तीन आणि आठचा भेद कळेना. गिऱ्हाइकं कुरबुरायला लागली. एका बाईनं तर सगळ्यांसमोर आवाज चढवला. मॅनेजरनं थोरलीला बाजूला घेतलं.

"घरी काही त्रास आहे का? तुमच्याकडून असल्या चुका कधी होत नव्हत्या."

"नाही हो. जरा लक्ष नव्हतं."

"लक्ष असू द्या. परत झालं तर मला वर कळवावं लागेल."

ती त्या दिवशी घरी जाताना मनाशी ठरवूनच गेली, की आता फार तर हा हंगाम. पण हंगाम संपायच्या आतच दुकान दोन दिवस बंद ठेवून काउंटरांवर नवी मशीनं बसवली गेली.

ती शिकवायला एक तरुण माणूस आला होता. त्यानं बिस्किटाचा पुडा हातात घेऊन मागची काळी रेघारेघांची चौकट दाखवली. सगळ्या जणी भोवती उभ्या होत्या.

"यात किंमत कुठाय?" धाकटीनं विचारलं.

"यात किंमत नाहीच."

"मग एवढ्या रेघा कशाला ओढल्यात? शोभेला?"

तो हसला. "या रेघा म्हणजे आकडे आहेत. माणसानं वाचायचे ते खाली छापलेत, मशीननं वाचायचे ते रेघांत. मशीन लाल उजेड टाकतं. काळी रेघ उजेड गिळते, पांढरी जागा तो परत फेकते. कुठली रेघ जाड, कुठली बारीक, मधली फट केवढी, यावरून मशीनला आकडे कळतात. पुडा उलटा धरलात तरी कळतात. सुरुवातीचे आकडे माल काढणाऱ्या कंपनीचे, पुढचे त्या वस्तूचे, आणि शेवटचा एक आकडा राखणदार."

"राखणदार?"

"बाकीच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून तो काढलेला असतो. वाचताना एखादा आकडा चुकला तर त्याच्याशी मेळ बसत नाही. मग मशीन गप्प राहतं, पण भलतंच काही सांगत नाही."

"आणि किंमत?"

"ती दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये. मशीन नुसता नंबर सांगतं, कॉम्प्युटर त्या नंबरासमोरचं नाव आणि भाव शोधून देतो. भाव बदलला तर तिथे एकदाच बदलायचा, पुड्यापुड्यावरची लेबलं खरवडत बसायला नको. शिवाय एक पुडा विकला गेला की साठ्यातून एक आपोआप कमी. काय संपत आलंय, काय धूळ खात पडलंय, सगळं मॅनेजरला खुर्चीत बसल्याबसल्या दिसेल."

"म्हणजे आता हे उठायचेच नाहीत," धाकटी म्हणाली, आणि मॅनेजरसकट सगळे हसले.

लेबलं मारणारी दोघं मागे उभी होती, ती हसली नाहीत. थोरलीही हसली नाही. तिच्या कानात एकच गोष्ट अडकून बसली होती. आता वाचायचं काम मशीनचं. सगळे चहाला गेल्यावर तिनं तो पुडा उचलला, डोळे मिटले, बोटांनी कागदाची शिवण चाचपली आणि पुडा काचेवरून ओढला. बीप. तिनं आणखी एकदा ओढला. बीप. मग ती तिथंच स्टुलावर बसली आणि पदार्थाचं नाव छापलेल्या त्या पुड्याकडे बघत राहिली. नाव तिला वाचता येत नव्हतं.

त्यानंतरची बरीच वर्षं थोरली त्या दुकानातली सगळ्यात चलाख कॅशियर होती. कुठल्या वस्तूवर रेघा कुठे असतात हे तिच्या हातांना पाठ झालं. दुधाचा खोका बुडाशी, साबण लांबट घडीवर, गोल डबा जरा फिरवावा लागायचा, तेलाची पिशवी ताणून धरावी लागायची. नोटा-नाणी ती बोटांनी ओळखायची, आणि मशीनवरची बेरीज गिऱ्हाइकालाच मोठ्यानं वाचायला सांगायची, म्हणजे मागून वाद नको. गिऱ्हाइकं ती आवाजावरून ओळखायची, नाहीतर चालण्याच्या ढबीवरून. "काय आजोबा, गुडघा बरा दिसतोय आज," असं तिनं म्हटलं की आजोबा खूश. चेहऱ्याच्या जागी तिला फक्त एक करडा धुरकट गोळा दिसायचा, भोवती केस आणि कान.

अडायचं ते एकाच ठिकाणी. एखादं पाकीट चुरगळलेलं असलं, ओल लागून छपाई पुसली असली, की मशीन गप्प. मग खाली छापलेले तेरा आकडे हातानं मारावे लागत. अशा वेळी थोरली ते पाकीट शेजारी पुढे करायची.

"धाकटे, वाच गं जरा. माझे हात ओले आहेत."

"धाकटे, हे वाच. माझा चष्मा आत राहिलाय."

धाकटी वाचायची. एक-दोनदा नाही, कित्येकदा. मग एका सकाळी ती चहाच्या खोलीत थोरलीच्या अगदी समोर येऊन बसली.

"थोरले, माझ्या कपाळावर काय आहे?"

"काय असणार? काही नाही."

"चिकटपट्टी आहे. भली मोठी. सकाळी कपाटाचं दार लागलं. दुकानात शिरल्यापासून प्रत्येकानं विचारलं, काय झालं, काय झालं. एक तू सोडून."

थोरलीनं कप खाली ठेवला.

"कधीपासून?" धाकटीनं हळूच विचारलं.

"ही मशीनं यायच्या आधीपासून."

"घरी?"

"नाही. आणि तूही कुणाला..."

"मी कशाला सांगू? मला काय वेड लागलंय?" धाकटी म्हणाली. मग थोडं थांबून, "हात ओले म्हणे! महिन्याभरात एकदा तरी कोरडे असावेत की नाही."

दोघी हसल्या, आणि हसता हसता थोरलीला रडू आलं.

तेव्हापासून थोरलीला बहाणे करावे लागले नाहीत. तिचं मशीन दोनदा गप्प राहिलं की शेजारून हात यायचा, पाकीट उचललं जायचं आणि धाकटी आकडे म्हणून दाखवायची. तिची एक खास लय होती. चार-चार आकडे एका दमात, शेवटचा एक वेगळा, जरा लांबवून. गिऱ्हाइकांना वाटायचं, दुकानाची तशी पद्धतच आहे.

धाकटीचं लग्न झालेलं नव्हतं. घरी तिचे म्हातारे वडील होते, पायांनी अधू झालेले. त्यांचं सगळं करून ती कामाला यायची, आणि तरी दुकानात सगळ्यात जास्त आवाज तिचाच. म्हणून तो आवाज खाली यायला लागला तेव्हा थोरलीला ते जाणवायला हवं होतं. जाणवलंही, पण उशिरा. आकडे म्हणताना धाकटी मधेच थांबायला लागली. पहिले चार, श्वास, मग पुढचे चार.

"काय गं, दम लागतो?"

"सर्दी आहे. छातीत भरलंय."

डबा ती अर्धा परत न्यायला लागली. स्टुलावरून उठताना काउंटरला धरायला लागली, ते थोरलीला डोळ्यांच्या कडेनं दिसायचं. पण सर्दी म्हटल्यावर सर्दी.

एके दुपारी मॅनेजर थोरलीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुमचं ती ऐकते. तिला चांगल्या डॉक्टरकडे घेऊन जा. मी दोनदा सांगून बघितलं, उडवून लावते. चेहरा बघितलात ना तिचा? किती दिवस झाले, नुसती पिवळी पडत चाललीय."

थोरलीनं काउंटर बंद केला, दोन नंबरकडे गेली आणि धाकटीचं मनगट धरलं. हाताला फक्त हाड लागलं.

"हे काय गं?" ती म्हणाली. "हे काय करून घेतलंस?"

"सोड. लोक बघताहेत."

"सगळ्यांना दिसतंय म्हणे. सगळ्यांना! मी रोज तुझ्या शेजारी बसते, आणि मला परक्या माणसानं सांगावं लागतं?"

धाकटीनं थोरलीला आत चहाच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"डॉक्टरकडे जाऊन आलेय मी, थोरले. केव्हाच. काही करण्यासारखं उरलं नाही म्हणतात. रोज सकाळी इथं आले की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात आणि नजर फिरवतात. घरी बाबाही तसेच. एक तुझ्याजवळ बसलं की बरं वाटायचं. तुझ्यापुढे मी आहे तशीच होते. जुनीच. म्हणून तुला नाही सांगितलं. रागावू नकोस."

थोरली रागावली नाही. रागवायला काही जागाच उरली नव्हती.

शेवटचे दिवस धाकटी दवाखान्यात होती. थोरली दुकान सुटलं की तडक तिकडे जायची. तिथं पेशंटच्या मनगटाला कागदी पट्टी बांधलेली असायची आणि तिच्यावर अगदी तशाच रेघा. औषध द्यायच्या आधी नर्स हातातलं यंत्र त्या पट्टीवर धरायची, मग औषधाच्या पिशवीवर. बीप, बीप. दोन्हींचा मेळ बसला तरच सुई टोचायची, म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला जायला नको.

"बघ थोरले, आता मलाच काउंटरवर घेतलंय," धाकटी म्हणाली. "किंमत काय निघतेय विचार जरा."

"रेघांत किंमत नसते," थोरली म्हणाली. "नुसता नंबर असतो. विसरलीस?"

"नाही. आठवतंय. तो बिचारा शिकवत होता आणि मी त्याला बोलू देत नव्हते."

थोरली खाटेशी बसून मान तिरकी करायची. सरळ बघितलं की मधला धूर आड यायचा. भिंतीकडे बघितलं तर डोळ्याच्या कडेत काहीतरी उरायचं.

"तिकडे भिंतीवर काय बघतेस?"

"तुलाच बघतेय."

"मग, काय दिसतंय?"

उशी दिसत होती. कपाळावरचे विस्कटलेले केस दिसत होते. गालाच्या जागी एक सावली. "केस विंचरायला झालेत," थोरली म्हणाली, आणि पर्समधला कंगवा काढून हलक्या हातानं विंचरायला लागली. धाकटीनं डोळे मिटून घेतले असावेत, कारण ती बराच वेळ बोलली नाही.

दोन दिवसांनी सकाळी दुकानातच फोन आला. मॅनेजरनं शटर अर्धं खाली ओढलं, सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं आणि तो स्वतःच मान फिरवून उभा राहिला.

दोन नंबरवर नवी मुलगी आली. चांगली होती, मान खाली घालून काम करायची. एका गर्दीच्या संध्याकाळी थोरलीच्या हातात धुण्याच्या पावडरीचं एक भिजून सुकलेलं पाकीट आलं. तिनं ते ओढलं. मशीन गप्प. ताणून धरलं, पुसलं, पुन्हा ओढलं. गप्प. तिचा हात सवयीनं शेजारी पुढे गेला आणि तसाच राहिला. नवी मुलगी आपल्या गिऱ्हाइकात गुंतली होती.

"अहो, खाली नंबर लिहिलाय की," रांगेतला माणूस म्हणाला. "मारा ना तो."

थोरलीनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं. मान तिरकी केली. मग ते खाली ठेवलं.

"मला दिसत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मला वाचता येत नाही हो. डोळे गेलेत माझे." हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारची नवी मुलगीही हातातलं काम टाकून वळली.

मॅनेजर वाईट नव्हता. त्यानं तिला आत बसवलं, पाणी दिलं, आणि "इतकी वर्षं?" एवढंच दोन-तीनदा म्हणाला. पण डोळे गेलेली बाई काउंटरवर ठेवता येणार नाही, असं वरून सांगणं आलं. मागे गोदामात काम बघतो म्हणाला होता, त्याचंही काही जमलं नाही. निघताना दुकानातल्या सगळ्यांनी मिळून तिला एक शाल दिली.

घरी सांगताना तिनं नवऱ्याला आणि लेकीला समोर बसवलं. लेक आता नोकरीला लागली होती. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. नवरा काही बोलेना. तो नेहमी सगळ्या गोष्टीची थट्टा करणारा माणूस, म्हणून त्याच्या गप्प बसण्याची तिला भीती वाटली.

"बोल ना काहीतरी."

"मी गाडी घेऊन दुकानासमोरून जायचो," तो शेवटी म्हणाला. "काचेतून तू दिसायचीस. मी हात करायचो. तू सरळ माझ्याकडे बघायचीस आणि मान वळवायचीस. वर्षभर केला मी हात. मग सोडून दिला. म्हटलं, हिचं मन उडालंय आपल्यावरून."

"अरे देवा," थोरली म्हणाली. "आणि तू विचारलं नाहीस?"

"तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही."

त्यानं खुर्ची आणली नाही. सुरीही काढून घेतली नाही. पण मधली वर्षं कुठून आणणार? जेवताना तो आता तिच्या हाताला हात लावून बोलायचा, जरा अवघडून, नवीन ओळख झाल्यासारखा.

पुढच्या आठवड्यात थोरली लेकीला घेऊन धाकटीच्या वडिलांकडे गेली. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. म्हातारबाबा पलंगावर पाय पसरून बसले होते. दवाखान्याच्या पायऱ्या त्यांना चढवल्या नसत्या, म्हणून शेवटच्या दिवसांत त्यांनी मुलीला बघितलंच नव्हतं. निरोपाच्या वेळी लोकांनी त्यांना लांब खुर्चीवर बसवलं होतं.

"तू रोज जायचीस ना गं तिच्याकडे?" त्यांनी विचारलं. "मला सांग. शेवटी चेहरा कसा होता तिचा? फार ओढला होता का? मला कुणी नीट सांगतच नाही."

लेकीनं आईकडे बघितलं. थोरलीला खोटं बोलता आलं असतं. शांत होता, झोपल्यासारखा होता, असं लोक म्हणतातच.

"बाबा, मी नाही बघितला," ती म्हणाली. "मला दिसत नाही. तिला माहीत होतं."

त्यांनी पायांवरची चादर हातानं सारखी केली. मग म्हणाले, "मग तुला काय माहितीये तिचं?"

थोरली सांगत गेली. मनगटावरची पट्टी, किंमत विचार म्हणाली ते, केस विंचरू दिले ते. कपाळावरच्या चिकटपट्टीचं सांगितलं तेव्हा म्हातारबाबा हसले आणि खोकत राहिले. लेकीनं उठून त्यांना पाणी दिलं.

आता ती तिथं बहुतेक दुपारी असते. सोडायला कधी लेक येते, कधी गाडी आडवाटेनं वळवून नवरा. भाजी निवडते, म्हातारबाबांचं गरम पाणी बघते, आणि दोघं धाकटीबद्दल बोलत बसतात. कधी कधी थोरली तिची नक्कल करून दाखवते.

"छे, अशी नव्हती बोलत ती," म्हातारबाबा म्हणतात. "आवाज जाड होता जरा."

"जाड? बारीक होता हो, बाबा."

"अगं, माझी पोरगी ती."

यावर त्यांची हुज्जत होते. ते स्वतः बोलून दाखवतात, ती ऐकते, मान हलवते, पुन्हा आपल्या परीनं म्हणून बघते. मग दोघंही थांबतात. कुणालाच आता नक्की सांगता येत नाही. थोरली भाजीची टोपली पुन्हा मांडीवर ओढून घेते, म्हातारबाबा खिडकीकडे तोंड करून पडून राहतात, आणि गाडीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत खोलीत कुणी बोलत नाही.